स्मार्ट बॉम्ब (युद्धवार्तांकनातील विशेषण)

विमानातून सुटल्यावर वाटेत दिशा बदलत लक्ष्य गाठणाऱ्या बॉम्बला ‘स्मार्ट’ म्हणण्याचा प्रघात व्हिएतनाम युद्धाच्या काळातला. १९९१ च्या आखाती युद्धातील बातम्यांनी हे विशेषण घरोघरी पोचवले. मुळात ते बॉम्बच्या सुकाणूपुरते होते. वार्तांकनात मात्र ते लक्ष्याच्या निवडीला आणि पुढे साऱ्या मोहिमेलाच लागू झाले.

या बॉम्बची रचना फारशी गूढ नाही. साध्या बॉम्बच्या टोकाला प्रकाश टिपणारा संवेदक (सेन्सर) आणि हलणारे पंख जोडतात. विमानातून किंवा जमिनीवरून लक्ष्यावर लेझरचा झोत धरला जातो आणि परावर्तित प्रकाशाच्या रोखाने बॉम्ब वळत जातो. ढग, धूर किंवा धुळीने झोत अडला की नेम चुकतो. उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआचा पूल वर्षानुवर्षे हल्ले होऊनही उभा होता. मे १९७२ मध्ये अमेरिकेने तो अशाच बॉम्बनी निकामी केला आणि या शस्त्राचा दबदबा वाढला.

१७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांचे इराकवर हल्ले सुरू झाले. बहुतेक वार्ताहरांना सैन्यासोबत फिरण्यासाठी लष्कराने नेमलेल्या गटांतूनच जावे लागे आणि त्यांचा मजकूर लष्कराच्या नजरेखालून जाई. प्रत्यक्ष रणभूमी दिसत नसल्याने सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथील लष्करी पत्रकार परिषदांत दाखवलेल्या चित्रफितींचे महत्त्व फार वाढले. ३० जानेवारीला अमेरिकी सेनापती जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ यांनी अशीच एक फीत दाखवली. पुलावरून एक वाहन पार होते आणि लगेच तिथे बॉम्ब पडतो. त्या चालकाला त्यांनी इराकमधला सर्वांत नशीबवान माणूस म्हटले आणि सभागृहात हशा पिकला. अशा फितींत अचूक माराच दिसे. चुकलेल्या बॉम्बची दृश्ये क्वचितच पुढे येत, आणि इतक्या उंचावरून माणसे ओळखूच येत नसत.

युद्ध संपल्यावर अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख मेरिल मॅकपीक यांनी मार्च १९९१ मध्ये आकडे जाहीर केले. सुमारे ८८,५०० टन बॉम्बपैकी मार्गदर्शित बॉम्ब ६,५२० टन, म्हणजे जेमतेम साडेसात टक्के होते. बाकीचे जुन्याच पद्धतीचे बॉम्ब, आणि त्यांतले बहुतांश लक्ष्यापासून दूर पडले होते. प्रेक्षकांनी जे युद्ध दूरचित्रवाणीवर पाहिले ते या छोट्या वाट्याचे होते. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही १९९७ मध्ये, शस्त्रनिर्माते व संरक्षण खात्याचे अचूकतेचे अनेक दावे फुगवलेले किंवा पुराव्याअभावी न पडताळता येणारे आहेत, असा निष्कर्ष काढला.

या विशेषणाचा खरा दोष १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादमधील आमिरिया येथे उघडा पडला. दोन लेझर-मार्गदर्शित बॉम्ब एका आश्रयस्थानाचे जाड छत भेदून आत गेले. आत झोपलेले चारशेहून अधिक नागरिक ठार झाले, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. ते लष्करी नियंत्रण केंद्र होते, असा अमेरिकेचा दावा होता. बगदादमध्ये असलेल्या परदेशी वार्ताहरांनी जळालेले मृतदेह पाहिले होते. तंत्राच्या हिशेबाने बॉम्ब चुकलेच नव्हते. ‘स्मार्ट’ म्हणताना वार्ताहरांनी नेम कुणावर धरला हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

भारतात कारगिल युद्धाच्या वेळी, जून १९९९ मध्ये, हवाई दलाच्या मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर असे बॉम्ब टाकले; त्यांची संख्या मोजकीच होती. त्याच्याच आदल्या महिन्यात, ७ मे रोजी, युगोस्लाव्हियावरील नाटोच्या मोहिमेत अमेरिकी विमानाने उपग्रहाच्या साहाय्याने नेम धरणारे बॉम्ब बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर टाकले. तीन चिनी पत्रकार मारले गेले. जुन्या नकाशांमुळे इमारत ओळखण्यात चूक झाली, असे अमेरिकेने सांगितले. चीनने ते स्पष्टीकरण मान्य केले नाही.