मेयर व्हायचं तर आधी नगरपालिका हवी: युनिटा ब्लॅकवेल आणि मेयर्सव्हिल

मिसिसिपी राज्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मेयर, साल १९७६, गाव मेयर्सव्हिल, बहुतेक ठिकाणी युनिटा ब्लॅकवेल यांच्याबद्दल एवढंच सापडतं. मला ही ओळख फार अपुरी वाटते, कारण बाई मेयर झाल्या तेव्हा ती खुर्ची तिथे रिकामी ठेवलेली नव्हती, त्या गावाला नगरपालिकाच नव्हती, ती आधी उभी करावी लागली आणि ती उभी करण्यात पुढाकार बाईंचाच होता.

मेयर्सव्हिल हे इसाक्वेना काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण, मिसिसिपी नदीच्या काठावर, वस्ती जेमतेम पाचशेची. भोवती सगळी कापसाची जमीन. १८६० च्या जनगणनेत या काउंटीतली ९२ टक्क्यांहून जास्त माणसं गुलाम होती, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त प्रमाण इथलं. गुलामी कायद्याने गेली पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली, काळी कुटुंबं वाट्याने कसायची आणि कर्जात अडकायची. त्यात १८९० च्या राज्यघटनेने मतदार नोंदणीला अटी लावल्या आणि पुढे त्या आणखी कडक केल्या, म्हणजे पोल टॅक्स, मत देण्यासाठीचा कर, भरायचा, घटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ लिहायचा, आणि अर्थ बरोबर की चूक ते ठरवणार काउंटीचा गोरा क्लार्क. त्यामुळे काळ्या लोकांची संख्या जास्त असूनही मतदार यादीत मात्र ते जवळपास नव्हतेच.

युनिटाबाईंचा जन्म १८ मार्च १९३३ चा, याच राज्यातल्या लुला गावचा, आईवडील वाट्याने शेती करणारे. मुलगी तीन वर्षांची असताना वडिलांचं मळ्याच्या मालकाशी वाजलं आणि जिवाच्या भीतीने त्यांना मळा सोडून पळावं लागलं. काळ्या मुलांची शाळा तिथे सलग दोनेक महिने चालायची आणि मग मुलं परत कापसात, म्हणून पोरीला शिकता यावं यासाठी आई तिला घेऊन नदीपलीकडे आर्कान्सामधल्या वेस्ट हेलेनाला नातेवाइकांकडे गेली. तिथे आठवीपर्यंत शिक्षण झालं आणि मग शेतमजुरी. पुढे जेरेमाया ब्लॅकवेल यांच्याशी लग्न, मुलगा, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला संसार मेयर्सव्हिलला आला. उन्हाळ्यात दिवसभर कापसाची खुरपणी केली की तीन डॉलर मिळायचे.

१९६४ च्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीच्या मोहिमेसाठी तरुण कार्यकर्ते मिसिसिपीभर पसरले होते, त्यातले काही मेयर्सव्हिललाही आले. ते स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटीचे, म्हणजे सगळे ज्याला स्निक म्हणायचे त्या, काळ्यांच्या हक्कांसाठी अहिंसेने लढणाऱ्या तरुणांच्या संघटनेचे. चर्चमध्ये त्यांनी विचारलं नाव नोंदवायला कोण येणार, तेव्हा उभ्या राहिलेल्या मोजक्या लोकांत युनिटा होत्या. ही मंडळी कोर्टहाउसला गेली तर बाहेर गोरे लोक बंदुका घेऊन ट्रकमधून घिरट्या घालत होते. परीक्षेत नापास केलं ते केलंच, शिवाय लगेच शेतावरचं कामही गेलं. मग बाई स्निकच्याच कार्यकर्त्या झाल्या, दर दोन आठवड्यांना अकरा डॉलरवर, आणि त्याच वर्षी तिसऱ्या प्रयत्नात नाव नोंदवून घेतलं. ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्याच नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्याबरोबर त्या मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीच्या, म्हणजे राज्यातल्या गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला पर्याय म्हणून उभ्या केलेल्या पक्षाच्या, प्रतिनिधी म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या राष्ट्रीय अधिवेशनालाही जाऊन आल्या. त्या काळात त्यांना सत्तरहून जास्त वेळा अटक झाली.

इथे शाळेचं प्रकरण सांगायलाच पाहिजे, कारण त्याची झळ थेट घरातल्या मुलाला लागली होती. १९६५ च्या सुरुवातीला काळ्या विद्यार्थ्यांनी स्निकचे बिल्ले लावले, त्यावर एक काळा आणि एक गोरा हात एकमेकांत गुंफलेले, आणि शाळेने सुमारे ३०० मुलांना काढलं, त्यात ब्लॅकवेल यांचा मुलगाही होता. बाईंनी काउंटीच्या शिक्षण मंडळावर केस केली, बिल्ल्यांचा हक्क मागितला आणि सोबत काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा असंही मागितलं. बिल्ल्यांबाबत १९६६ मध्ये अपील कोर्टात त्या हरल्या, शाळेत गोंधळ झाला म्हणून बंदी योग्य असं कोर्ट म्हणालं, पण शाळा एकत्र करण्याचा आदेश या केसमधून निघाला, आणि माझ्या मते गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ती होती. मधल्या काळात घरी बसलेल्या मुलांसाठी बाईंनी आणि इतरांनी फ्रीडम स्कूल, म्हणजे चळवळीच्या स्वतःच्या शाळा, चालवल्या.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षा गेल्या, काळे उमेदवार निवडून यायला लागले, १९६९ मध्ये याच राज्यातल्या फेयेट गावात चार्ल्स एव्हर्स मेयर झाले. पण मेयर्सव्हिलमध्ये निवडून यायचं तरी कशावर? गावाला पालिकेचा दर्जा नाही, सगळा कारभार काउंटीकडून, रस्ते कच्चे, घरोघर नळ नाही, ड्रेनेज नाही, आणि पालिका नाही म्हणून केंद्र सरकारच्या बऱ्याच ग्रँटसाठी गावाच्या नावाने अर्जही करता येत नाही. बाई तोवर नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या काळ्या महिलांच्या संघटनेसाठी गरिबांच्या घरबांधणीचं काम करत राज्याराज्यांत फिरल्या होत्या, त्यामुळे सरकारी पैसा कुठून येतो आणि कागद कुठे अडतो हे त्यांना पक्कं माहीत झालं होतं. मग गावाची हद्द ठरवणं, लोकांच्या सह्या, कायदेशीर अर्ज हे सगळं करून १९७६ ला मेयर्सव्हिल रीतसर नगरपालिका झालं आणि त्या पहिल्या मेयर.

पुढची कामं भाषणात टाळ्या घेणारी नाहीत पण मला तीच खरी वाटतात. पाणीपुरवठा आला, ड्रेनेज आलं, रस्त्यांवर डांबर पडलं, पोलीस आणि अग्निशमनाची सोय झाली, कमी उत्पन्नवाल्यांसाठी सरकारी घरं बांधली गेली. कापसाच्या मळ्यांवरच्या फळकुटाच्या घरांत जन्म काढलेल्या लोकांना नळ आणि संडास असलेलं घर मिळालं, यात लहान काहीच नाही.

हे चालू असतानाच बाकीचं पण चालूच होतं. मेयर होण्याआधीच, १९७३ मध्ये, अभिनेत्री शर्ली मॅक्लेन यांच्यासोबत महिलांच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या होत्या आणि नंतर अमेरिका-चीन मैत्री संघटनेच्या अध्यक्ष राहिल्या. १९७९ ला प्रेसिडेंट कार्टरनी ऊर्जा संकटावर बोलायला कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थळी, ज्यांना बोलावलं त्यांत त्या होत्या. हायस्कूल न पाहिलेल्या या बाईंनी १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून रीजनल प्लॅनिंगमध्ये मास्टर्स केलं. पन्नाशीत, मेयर असताना, आणि विषयही तोच जो गावात आधीपासून हाताने करत होत्या! १९९० ते १९९२ त्या कृष्णवर्णीय मेयरांच्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि १९९२ ला मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची पाठ्यवृत्ती मिळाली.

१९९३ ला मेयरपद गेलं, त्याच वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीतही डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, ती बेनी थॉम्पसन यांना मिळाली. १९९७ ला गावाने त्यांना परत मेयर केलं आणि २००१ पर्यंत त्या पदावर होत्या. १३ मे २०१९ ला वयाच्या ८६ व्या वर्षी त्या गेल्या.