पाळीचा कप: घेण्याआधी वाचा, घेतल्यावर जपून ठेवा

डबीतला कप म्हणजे मऊ सिलिकॉनचा, घंटेच्या आकाराचा लहान पेला. खाली धरायला छोटी दांडी आणि वरच्या कडेखाली चार बारीक भोकं. पाळीत तो योनीमार्गात घालायचा. पॅडसारखा तो रक्त शोषत नाही, साठवतो. ही नवी टूम नाही. 1937 साली अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांनी रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं, सिलिकॉन पुढे आलं.

एका पाळीत साधारण 30 ते 80 मिलिलिटर रक्त जातं, तेही चार-पाच दिवसांत मिळून. आमच्या लहान कपात 20 आणि मोठ्यात 30 मिलिलिटर मावतं. म्हणून बऱ्याच जणींना दिवसातून दोनदा रिकामा केला तरी पुरतो. जास्तीत जास्त 12 तास, त्यापुढे नाही. अंगावर जास्त जात असेल त्या दिवशी चार ते सहा तासांनी काढा. मोठा कप दर दोन-तीन तासांनी भरत असेल तर तो कपाचा दोष समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आकार कसा ठरवायचा

मूल झालं नसेल तर लहान, नैसर्गिक बाळंतपण झालं असेल तर मोठा, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे, ते जास्त महत्त्वाचं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी नखं कापून, हात धुऊन, उकिडवं बसून मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं गोल, किंचित टणक लागेल तेच गर्भाशयाचं तोंड. एका पेरातच लागलं तर ते खाली आहे, बुटका कप घ्या. दोन पेरं आत गेल्यावर लागलं तर नेहमीचा कप बसतो. पूर्ण बोट जाऊनही लागलं नाही, तर लांब दांडीचा कप घ्या, म्हणजे काढताना हाताला येईल.

लग्न न झालेल्या मुलींच्या आया योनिपटलाबद्दल विचारतात. कपाने ते ताणलं जाऊ शकतं, पण त्यावरून कौमार्य ठरत नाही. मुलीची स्वतःची तयारी असेल तरच द्या, आग्रह करू नका.

आत घालताना

पहिला प्रयत्न पाळी जोरात सुरू असताना, घरी, घाई नसताना करा. कप पाण्याने ओला करा. तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. कड दाबून चपटी करा आणि मधून दुमडा, वरून इंग्रजी सी अक्षरासारखी दिसेल. अंग सैल सोडा आणि कप सरळ वर न ढकलता मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवा. अडतो तो बहुतेक दिशा चुकल्यामुळेच. आत गेल्यावर घडी सोडा. आता बोट कपाच्या बुडाभोवती गोल फिरवून पाहा: सगळीकडून गोल लागला म्हणजे उघडला. कुठे खाच लागली तर बूड चिमटीत धरून थोडं फिरवा. दांडी पूर्ण आत राहायला हवी. टोचत असेल तर कप बाहेर काढून दोन-तीन मिलिमीटरच कापा. एकदम कापून टाकलेली दांडी परत येत नाही.

नीट बसलेला कप जाणवत नाही. लघवी-संडास करताना काढावा लागत नाही. लघवीला अडथळा वाटला तर कप तुम्हाला कडक पडतोय, मऊ प्रकार घ्या.

काढताना

सगळ्यात जास्त घाबरतात ते इथेच. कप आत हरवत नाही, कारण वर गर्भाशयाचं तोंड आहे आणि त्याचं छिद्र कप जाईल इतकं मोठं नसतं. हाताला लागत नसेल तर अर्धा तास थांबा. उकिडवं बसा, आपला देशी संडास यासाठी फार सोयीचा. शौचाला लावतो तसा हलका जोर लावा, कप खाली येतो. मग दांडी ओढू नका, बूड दोन बोटांत दाबा. आतली हवेची पकड सुटल्याचं जाणवेल. कप किंचित तिरका करून एक कड आधी बाहेर घ्या. पकड न सोडता ओढलं तर कळ येते आणि गर्भाशयावर ताण पडतो. तांबी बसवली असेल तर अशा ओढण्याने ती निसटू शकते. तांबी असेल तर कप वापरण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

धुणं, उकळणं, वाळवणं

रोजच्या रिकामं करण्याला तांब्याभर पाणी पुरतं. जिथे नळ चार-पाच दिवसांनी येतो, तिथे हा मोठाच दिलासा. आधी गार पाण्याने धुवा, एकदम गरम पाण्याने डाग बसतो. साबण बिनवासाचा, सौम्य. डेटॉल, फिनेल, ब्लीच नको. भोकं साफ करण्यासाठी कप पाण्याने भरून तोंड तळव्याने बंद करा आणि दाबा. चारही भोकांतून बारीक धार उडली म्हणजे मोकळी झाली. भोकं बुजली तर पकड सुटायला त्रास होतो.

पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कप पाच मिनिटं उकळा. त्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवा. कप चहाच्या स्टीलच्या गाळणीत ठेवून सोडा, म्हणजे बुडाला चिकटत नाही. पातेल्याजवळून हलू नका: पाणी आटून कप जळाल्याच्याच तक्रारी आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात उकळलेल्या कपावर पांढरट थर चढतो. तो चुन्याचा थर असतो, बुरशी नव्हे. पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घातला की तो बसत नाही.

वाळवताना तो कपाटात कपड्यांखाली लपवू नका. ओलसर राहिला की वास धरतो. कोरडा झाल्यावर सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नाही. मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाने सिलिकॉनला काही होत नाही.

गळत असेल तर

बहुतेक वेळा कप पूर्ण उघडलेला नसतो. बोट फिरवून पाहा. तरीही गळलं, तर कप भरलेला असेल, आकार चुकला असेल किंवा बद्धकोष्ठाने आतड्याचा दाब येत असेल. काढल्यानंतर लागलेले एक-दोन थेंब म्हणजे गळती नव्हे. हात बसायला दोन-तीन पाळ्या लागतात. तोवर सोबत पॅड लावा. कपाशी वेचायला किंवा एस.टी.ने लांब जायचं असेल, तर त्या दिवशी पहिल्यांदा वापरून बघू नका.

कधी वापरू नये

बाळंतपण किंवा गर्भपातानंतर डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत नाही. अंग बाहेर येत असेल, जंतुसंसर्ग असेल तेव्हाही नाही. एकीचा कप दुसरीने कधीच वापरू नये, बहिणी असल्या तरी. कप घातलेला असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर किंवा अंगावर लाल चट्टे आले, तर तो लगेच काढा आणि दवाखान्यात जाऊन कप वापरत असल्याचं सांगा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर थांबायला वेळ नसतो.

वापरलेला कप आम्ही परत घेऊ शकत नाही. म्हणून डबी फोडण्याआधी दोनच गोष्टी कळवा: बाळंतपण झालं आहे का, कसं झालं, आणि बोट किती पेरं आत गेलं. आकार आम्ही सांगू.