महागडे स्पीकर घेण्याआधी

‘दोन लाखांची जोडी घेतली तर खरंच फरक ऐकू येईल का?’ हा प्रश्न दुकानात रोज येतो. गर्दीत उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

फरक पडतो, पण किमतीच्या पटीत पडत नाही. पंधरा हजारांच्या जोडीवरून पन्नास हजारांच्या चांगल्या जोडीवर गेलात तर घरातल्या सगळ्यांना तो कळेल. गाणाऱ्याचा गळा मोकळा वाटतो, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात, डग्ग्याचा नुसता ‘धप्प’ न राहता मींड उमटते. त्यापुढे दोन लाखांपर्यंत मिळतात ते आणखी खालचे सूर, मोठ्या आवाजातही न फाटणारं गाणं आणि न थरथरणारी जड पेटी. पाच लाखांच्या वर बराच पैसा व्हीनियर, पॉलिश, आयात शुल्क आणि नावापोटी जातो. देखणी वस्तू म्हणून हवी असेल तर जरूर घ्या, आम्ही मागवून देऊ. पण ‘आवाज दुप्पट चांगला होईल’ असं आम्ही सांगणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘नवा स्पीकर घुमतोय, बदलून द्या’ असे फोन आम्हाला सतत येतात. जाऊन पाहावं तर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात, दोन्ही बाजूंना फोटोफ्रेम, मागचं पोर्ट (हवा ये-जा करण्याचं भोक) प्लायला टेकलेलं. नाहीतर सोफ्यामागच्या कोपऱ्यात. स्पीकर भिंतीजवळ नेला की खालचे सूर सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतात, कोपऱ्यात त्याहूनही जास्त. त्यात खोलीची भर पडते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये १२ फूट अंतर असेल तर साधारण ४७ हर्ट्झचा सूर त्यांच्यात अडकून फुगतो, १० फूट असेल तर ५६ हर्ट्झचा. पंधरा हजारांचा छोटा स्पीकर इतक्या खाली फारसा उतरतच नाही, म्हणून हा दोष झाकलेला राहतो. महागडा स्पीकर तिथपर्यंत ताकदीने पोहोचतो आणि खोली घुमवतो. त्याच खणात ठेवलेली दोन लाखांची जोडी जुन्या जोडीपेक्षा वाईट वाजते ती यामुळे. स्पीकर बिघडलेला नसतो.

म्हणून काही विकत घेण्याआधी आहेत तेच स्पीकर खणातून बाहेर काढा. मागे दीड-दोन फूट जागा सोडा, स्टँडवर ठेवा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर तुमच्यापासून प्रत्येकाचं ठेवा. टाइल्सवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. खोलीत एक टाळी वाजवा. मागून ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर आधी पुस्तकांचं कपाट त्या भिंतीला हलवा. अनेकांचं काम इथेच भागतं आणि ते आमच्याकडून फक्त स्टँड नेतात. आम्हाला ते चालतं.

घरी येऊन खोली मोजण्याचे आम्ही ५०० रुपये घेतो, हे काहींना खटकतं. त्यात माणसाचा अर्धा दिवस जातो. खरेदी झाली तर ती रक्कम बिलातून वजा होते. दुकानात दोन जोड्या ऐकवताना मीटर लावून आवाज सारखा करतो आणि पुढे पडदा ओढतो. त्याचाही काहींना राग येतो. पण जी जोडी जराशी मोठ्याने वाजते ती कानाला जास्त चांगली वाटते, आणि डोळ्यांना किंमत दिसली की कान तिच्या बाजूने झुकतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हेच तपासलं होतं. स्पीकर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण आणि पडद्याआड दिलेले गुण जुळले नाहीत. तुमचे पैसे तुमच्या कानांनी खर्च व्हावेत, एवढ्यासाठी तो पडदा आहे.

वायरवर पैसे घालू नका. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. महागडी केबल आम्ही ठेवत नाही.

येताना हॉलची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून आणा. सोफ्यावर बसून स्पीकरच्या जागेचा एक फोटो घ्या आणि तुम्ही शेकडो वेळा ऐकलेलं एखादं गाणं फोनमध्ये असू द्या. ऐकण्याची खोली सकाळी ११ ते १ मोकळी असते. आदल्या दिवशी कळवलंत तर तासभर तुमच्यासाठी राखून ठेवू.