लेबलवरचा १४ नेमका कुठला?

अमेरिकेतल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेले कपडे विकणाऱ्या दुकानात, बायकांचे कपडे सहसा लेबलवरच्या आकड्यानुसार लावलेले असतात. त्यामुळे १९५० च्या दशकातला १४ आणि गेल्या वर्षीचा १४ एकाच रॅकवर शेजारी येतात, आणि टेप लावली तर छातीत चार इंचांचाही फरक निघतो. दोष कपडे लावणाऱ्यांचा नाही. तो आकडाच वेळोवेळी फिरला आहे.

१८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आणि १९०२ पासून बोस्टनमध्ये धर्मादाय संस्थांनी घरोघरचे जुने कपडे गोळा करून, दुरुस्त करून विकायला सुरुवात केली. तेव्हा तयार कपड्यांना एकच अशी मापपद्धत नव्हती. मोठ्या बायकांचा कपडा छातीच्या इंचांवर ओळखला जाई, मुलींचा वयावर: १४, १६, १८. म्हणजे १४ हे मुळात माप नव्हेच, वय होतं. हेच आकडे पुढे मोठ्या बायकांच्या कपड्यांवर चढले आणि इंचांशी असलेलं नातं तुटलं. पुरुषांच्या कोटावरचा ४० म्हणजे छाती ४० इंच, शर्टावरचा १६ म्हणजे गळा १६ इंच. तिथे घोळ कमी.

१९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. शेवटच्या आकडेवारीत फक्त गोऱ्या बायका धरल्या, ही त्यातली मोठी खोट. पुढे टपालाने माल विकणाऱ्यांना परत येणाऱ्या कपड्यांचा खर्च झेपेना. त्यांच्या आग्रहावरून १९५८ मध्ये प्रमाण मापं जाहीर झाली. छातीवरून आकडा, उंचीला टी (उंच), आर (मध्यम), एस (बुटकी) ही अक्षरं आणि घेराला अधिक-उणे चिन्ह. त्यात ८ म्हणजे छाती ३१ इंच. १९७० मध्ये ही मापं सुधारून ‘ऐच्छिक’ ठरवली आणि १९८३ मध्ये काढूनच घेतली.

आता वादाचा मुद्दा. ‘१९८३ मध्ये सरकारने हात झटकले आणि आकडे सुटले,’ असं सर्रास सांगतात. ते जुळत नाही. १९३७ च्या एका टपाल-कॅटलॉगात ३२ इंच छातीला १४ आकडा आहे. त्याच कॅटलॉगात १९६७ मध्ये ३२ इंचाला ८. ही घसरण झाली तेव्हा प्रमाण मापं अजून काढून घेतलेली नव्हती. गिऱ्हाइकाला लहान आकडा दिला की खूश होऊन कपडा घेतं, हे विक्रेत्यांना १९८३ च्या कितीतरी आधी उमगलं होतं. १९८३ च्या निर्णयाने मोडलं काहीच नाही. आधीच मोडलेलं फक्त कबूल झालं. १९९५ च्या, या वेळी बिगरसरकारी, मापांत ८ म्हणजे छाती ३५ इंच. १९५८ चा ८ घालणारीला तो चार इंच सैल.

यातच शब्दांचा गुंता. सम आकडे ‘मिसेस’चे (Misses, म्हणजे मोठ्या बायकांच्या नेहमीच्या बांध्याचे), विषम आकडे ‘ज्युनियर’चे, म्हणजे तरुण मुलींच्या बांध्याचे, कंबर थोडी वर. १४½ दिसला तर तो १४ आणि १६ च्या मधला नव्हे. बुटक्या, भरल्या अंगाच्या बाईसाठी बेतलेला वेगळाच कट आहे. तो उंच बाईने घेतला तर छातीत बसतो, पण कंबर फासळ्यांवर येते.

म्हणून आधी कपड्याचा काळ ओळखायचा. धाग्याची टक्केवारी लिहिणं मार्च १९६० पासून सक्तीचं, धुण्याच्या सूचना जुलै १९७२ पासून. शब्दांशिवाय नुसती चिन्हं १९९७ नंतरची. लेबलवरचा आरएन (RN), म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, १३६७० च्या पुढचा असेल तर कपडा १९५९ च्या आधीचा नाही. आज २ घालणारीने जुन्या मालासाठी ८ ते १४ चे रॅक चाळावेत.

मग टेप. चेन, बटणं लावून कपडा सपाट पसरायचा, न ताणता काखेपासून काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. १८ इंच आले तर घेर ३६. न ताणणाऱ्या कापडात दोन ते चार इंच सैलपणा वजा केला की अंग ३२ ते ३४ चं. होजिअरीला हा हिशेब लागू नाही. कंबर वेगळी मोजावी: १९५० च्या दशकातले बरेच कपडे आतून घट्ट पट्टा घालणाऱ्यांसाठी बेतलेले, त्यामुळे छाती बसते आणि चेन कमरेशी अडते.

तंग असेल तर उलटं करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघावी. जुन्या शिवणीत ती अर्धा-पाऊण इंच सापडते, पण उसवल्यावर आतली न विटलेली पट्टी आणि सुईची भोकं बाहेर येतात. गडद रेशमावर ती जात नाहीत. बाजूची शिवण सैल करता येते, मुंडा (बाही जोडतात ती जागा) आणि खांदा नाही. काखेतलं कापड उजेडाकडे धरावं. घामाने विरलं असेल तर सैल करून उपयोग नाही, पहिल्याच ताणाला फाटतं.

लेबल नसेल तर मानेमागे टाक्यांची भोकं शोधावीत. असली तर ते कापलंय. नसली तर कपडा बहुधा घरी शिवलेला, आणि शिवणाऱ्याच्या पॅटर्नचा हिशेब पुन्हा निराळा: तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १२ म्हणजे छाती ३४ इंच, आणि ते आजही तसंच आहे.