पेनिसिलिन एकट्या फ्लेमिंगचं नव्हे

‘बशीत बुरशी आली, फ्लेमिंगनी पाहिली आणि पेनिसिलिन मिळालं’ ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. ती अर्धीच आहे. १९२८ मध्ये लंडनला बुरशीभोवतीचे जंतू मेलेले त्यांना दिसले, हे खरं. पण त्यातून शुद्ध, टिकणारं औषध काढणं त्यांना जमलं नाही. ते काढलं ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. तेही ऐन युद्धाच्या टंचाईत, चक्क रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवून! १९४१ मध्ये जखम चिघळलेल्या एका पोलिसाला ते टोचलं, आणि ताप उतरला. औषध इतकं तुटपुंजं, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा द्यावं लागलं. तरीही ते संपलं आणि तो दगावला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन या तिघांना मिळालं. हीटलींचं नाव त्यात नव्हतं, याची मला फार हळहळ वाटते.