बिटातली वलये

बीट आडवे कापले की एकात एक वर्तुळे दिसतात. खोडावरची वलये मोजून झाडाचे वय काढतात, हे शाळेत शिकलेले असते. त्यामुळे बिटाचेही तसेच असणार असे वाटते. पण बीट एकाच हंगामात पोसते. मग त्यात आठ-दहा वलये येतात कुठून?

मुळांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सतराव्या शतकातच सुरुवात झाली. इटलीत माल्पिघी आणि इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू हे दोन शास्त्रज्ञ एकाच काळात या कामाला लागले होते. ग्रूच्या 1682 च्या ग्रंथात मुळांच्या छेदांची चित्रे आहेत आणि ती आजही पाहण्यासारखी आहेत. त्यांना रचना दिसली, पण ती तयार कशी होते हे उलगडायला पेशींचे विभाजन समजावे लागणार होते. ते एकोणिसाव्या शतकात घडले.

मूळ जाड होते ते कॅम्बियममुळे. पेशींचा हा पातळ थर विभाजत राहतो; आतल्या बाजूला जलवाहिन्यांच्या ऊती तयार करतो, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्यांच्या, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांच्या. गाजराचा हलवा करताना आपण मधला दांडा काढून टाकतो, तो जलवाहिन्यांचा भाग. किसायला घेतो तो प्रामुख्याने रसवाहिन्यांकडचा. दोन्हींच्या सीमेवर कॅम्बियम असते. मुळ्यात उलट असते, तिथे खातो तो बहुतेक भाग आतला.

बीट एका कॅम्बियमवर थांबत नाही. पहिल्याच्या बाहेर दुसरे, त्याच्या बाहेर तिसरे, असे थर मूळ अगदी कोवळे असतानाच लागोपाठ तयार होतात आणि पुढे एकाच वेळी वाढत राहतात. फिकट, अरुंद पट्टे वाहिन्यांचे. मधले गडद, रुंद पट्टे साठवणुकीच्या पेशींचे.

या मुळाचा एवढा बारीक अभ्यास झाला तो साखरेमुळे. 1747 मध्ये बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ याने बिटातून साखरेचे स्फटिक वेगळे केले. त्याचा शिष्य आखार्ड याने तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशिया प्रांतात कारखाना काढला. 1806 नंतर नेपोलियनच्या नाकेबंदीने युरोपात उसाची साखर दुर्मीळ झाली आणि बिटाचे दिवस पालटले. आपल्याकडची साखर उसाची, आणि उसात कॅम्बियम नसतेच! म्हणून मुळातली ही गंमत आपल्या साखरपट्ट्यात पाहायला मिळत नाही.

या विषयात मला सर्वांत मोठे वाटते ते कॅथरीन एसाऊ यांचे काम. युक्रेनमध्ये जन्मलेल्या एसाऊ रशियन क्रांतीनंतर जर्मनीमार्गे अमेरिकेत आल्या आणि कॅलिफोर्नियात एका साखर कंपनीत बिटाच्या रोगप्रतिकारक जाती तयार करू लागल्या. पाने गुंडाळणारा एक विषाणू तिथले पीक बुडवत होता. त्याचा माग काढत त्या वनस्पतीच्या अंतर्रचनेकडे वळल्या, आणि हा रोग रसवाहिन्यांच्या ऊतींवर घाला घालतो हे त्यांनी दाखवून दिले. 1953 मध्ये आलेला त्यांचा वनस्पती-अंतर्रचनेवरचा ग्रंथ नंतर जगभरच्या विद्यापीठांत शिकवला गेला.