‘टी’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द आणि ठाण्याचे स्पेलिंग : पार्श्वभूमी

लोकलमधून ठाण्याला उतरणारा नवखा प्रवासी रिक्षावाल्याला ‘थाने’ म्हणतो, तेव्हा चूक त्याच्या जिभेची नसते. त्याने नाव रोमन अक्षरांत वाचलेले असते, आणि तेथे ‘टी’पुढे ‘एच’ आहे. या जोडाक्षराने इंग्रजांचाही गोंधळ काही शतके केलेला आहे.

जुन्या इंग्रजीत जीभ दातांना लावून हवा घासत काढण्याच्या ध्वनीसाठी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ‘टीएच’ रूढ केले आणि १४७६ मध्ये इंग्लंडात छपाई सुरू झाल्यावर ते पक्के झाले. ही जोडी मुळात लॅटिनमधली, ग्रीक ‘थीटा’साठी योजलेली, आणि प्राचीन ग्रीकांचा थीटा हा आपल्या ‘थ’सारखाच दंत्य महाप्राण, म्हणजे जीभ दातांना लावून हवेच्या झोतासह उच्चारायचा ध्वनी होता. म्हणून ‘थिएटर’चा मराठी उच्चार अशुद्ध ठरवणाऱ्यांनी थोडे थांबावे, कारण तो शब्दाच्या मूळ उच्चाराच्या इंग्रजांपेक्षा जवळ आहे.

पुढे ग्रीक-लॅटिन विद्येच्या प्रभावाखाली अनेक शब्दांत हा ‘एच’ मागाहून घुसवला गेला. सिंहासन या अर्थाचा शब्द आधी ‘ट्रोन’सारखा होता, स्पेलिंग बदलले आणि उच्चारही ‘थ्रोन’ झाला. थेम्स नदी आणि थॉमस या नावांत मात्र अक्षर आले, उच्चार आला नाही. इंग्रज आजही ‘टेम्झ’ आणि ‘टॉमस’च म्हणतात. ‘धिस’, ‘दॅट’, ‘देन’ अशा सर्वनामांत आणि अव्ययांत हाच ध्वनी घोष झाला, म्हणजे त्यात कंठाचा कंप आला, ‘थिन’ म्हणजे बारीक आणि ‘थिक’ म्हणजे जाड यांत अघोष राहिला. मराठीत घर्षणाचा हा ध्वनीच नसल्याने आपण थ, द, ध यांवर भागवतो.

साध्या ‘टी’ची गोष्ट ठाणेकरांना अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजांची जीभ येथे दातांना लागत नाही, टाळूकडेही वळत नाही. ती वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकते. आपण तो ध्वनी ‘ट’ म्हणून घेतला आणि टेबल, टॉवेल, टायर हे शब्द तसेच लिहिले, जरी ‘तिकीट’ या रोजच्या शब्दाने ‘त’ धरून ठेवला. पण शब्दारंभी या ‘टी’बरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. तोंडासमोर तळहात धरून एखाद्या इंग्रजाने ‘टेन’ म्हटले, तर त्याला तो झोत जाणवेल. आपल्या ‘टोपी’त तो नसतो. म्हणजे आरंभीचा इंग्रजी ‘टी’ आपल्या ‘ट’पेक्षा ‘ठ’कडे झुकलेला आहे.

आता ठाण्याकडे वळू. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हापासून त्यांच्या कागदपत्रांत या गावाची रूपे अनेक दिसतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी येथे आली, त्या काळच्या इंग्रजी लेखनात गावाचे नाव ‘टी’, ‘ए’, दोन ‘एन’, ‘ए’ आणि ‘एच’ असे सापडते. हे रूप गावंढळ मानले गेले. परंतु कोणी इंग्रज ते वाचत असे, तेव्हा आरंभीचा झोत आपोआप येऊन त्याच्या तोंडून ‘ठाना’च्या बराच जवळचा उच्चार निघत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी लिप्यंतराची, म्हणजे देशी नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची, शिस्त आली आणि महाप्राणासाठी ‘एच’ अनिवार्य झाला. विद्वानांच्या पद्धतीत मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारायच्या, ‘ठ’साठी ‘टी’खाली टिंब देण्याची सोय होती, कारभारी लेखनात ते टिंब वगळले गेले. छपाईची अडचण हे कारण समजण्याजोगे आहे, पण माझ्या मते नुकसान इथेच झाले. १८८२ च्या जिल्हा गॅझेटियरात, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथात, ‘टीएच’चे रूप ठळकपणे छापले आहे, आणि त्यातून ‘ठ’ आणि ‘थ’ एकाच दाव्याला बांधले गेले. ज्याला मराठी येत नाही, त्याने त्यातला ‘ठ’ ओळखावा कसा?

नंतर शेवटच्या ‘ए’ऐवजी ‘ई’ आला. ‘णे’ दाखवण्याचा तो हेतू रास्त होता. मात्र इंग्रजीत नेमक्या याच स्पेलिंगचा एक शब्द आधीपासून आहे. त्याचा उच्चार ‘थेन’, आणि अर्थ राजाच्या पदरचा, जमीन धारण करणारा सरदार. त्यामुळे परदेशी वाचक दोन अक्षरांचे गाव एका अक्षरात उरकतो.

मराठीत ज्यांची आद्याक्षरे स्पष्ट वेगळी, त्या तुर्भे, टिटवाळा आणि ठाकुर्ली या तिन्ही नावांना रोमन पाटीवर ‘टी’च मिळतो. शहरातल्या तीन हात नाक्यावर तर ‘तीन’चा ‘त’ नुसत्या ‘टी’ने आणि ‘हात’चा ‘त’ पुष्कळदा ‘टीएच’ने लिहिलेला दिसतो, म्हणजे ठाण्याचा ‘ठ’ ज्या जोडीने लिहितात त्याच जोडीने.